अण्णा ‘छान’ लिहीत नसत

मेहकरच्या एसटी स्टँडवर अण्णा मला सोडायला आले, तेव्हा त्यांनी कंडक्टरला दोनदा सांगितलं, ‘मुलगी सिंगापूरला चाललीय, बॅग जरा सांभाळून.’ कंडक्टरला त्याचं काही नव्हतं. गाडी औरंगाबादपर्यंतच जाणार होती. लग्नाला तीन महिने झाले होते. निखिल नोकरीसाठी आधीच पुढे गेला होता आणि मी त्याच्यामागून एकटी निघाले होते. आईने डबा दिला, मग पाण्याची बाटली दिली, मग द्यायला काही उरलं नाही तेव्हा माझ्या ओढणीचं टोक नीट केलं. सतीशदादा, माझा मोठा भाऊ, मोटरसायकलला टेकून उगाच घड्याळ बघत होता.

गाडी सुरू झाली तेव्हा अण्णांनी खिडकीचा गज धरला. ‘हे बघ वैशू, इथलं बरं-वाईट जे होईल ते तुला त्याच दिवशी कळेल. लपवाछपवी नाही. तूही काही लपवायचं नाहीस. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हटलं.

अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे. मेहकरहून लोणार जवळच. दर वर्षी नववीची सहल तिथे जायची. काठावर उभं राहून ते मुलांना सांगायचे की हे सरोवर ज्वालामुखीच्या तोंडातलं आहे. त्यांच्या जुन्या पुस्तकात तसंच होतं. मग कधीतरी त्यांच्या वाचनात आलं की ते विवर उल्केच्या आघाताने झालंय. पुढच्याच तासाला ते वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, ‘पोरांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. वही काढा, खोडा, नीट लिहा.’ गावात नंतर कितीतरी दिवस त्यावरून त्यांची चेष्टा चालली होती. अण्णांना तिचं काही वाटलं नाही. मला मात्र ते म्हणायचे, ‘लोणारने फसवलं मला. आता खरं ज्वालामुखीचं सरोवर तू बघून ये आणि मला सांग.’

आणि सांगायचं म्हणजे नीट सांगायचं. निबंधात कुणी ‘दृश्य छान होतं’ असं लिहिलं की ते लाल पेनने गोल करून विचारायचे, ‘छान म्हणजे काय? रंग सांगा. आकार सांगा. वारा कुठून येत होता ते सांगा.’

सिंगापूरला आल्यावर मी हे सगळं त्यांना सांगत गेले. पहिला भाड्याचा फ्लॅट, बाराव्या मजल्यावरून दिसणाऱ्या समोरच्या ब्लॉकमधल्या बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांच्या रांगा, हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत एकाच टेबलावर बसून चार भाषांत जेवणारी माणसं. तांजोंग पगारच्या एका ऑफिसात मला अकाउंट्समध्ये नोकरी लागली. निखिलचं ऑफिस वन-नॉर्थला. एम्प्लॉयमेंट पासचं पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, झालं, भाड्याच्या घराचं स्वतःचं झालं. इराचा जन्म झाला. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, शेवटी ‘लाह’ लावून. अण्णा फोनवर तिला विचारायचे, ‘लाह म्हणजे काय गं?’ ती म्हणायची, ‘नथिंग, आबा. जस्ट लाह, लाह.’ ते खूश व्हायचे. व्याकरणात न बसणारा शब्द भेटला की त्यांना आनंदच व्हायचा.

आणि त्यांनी शब्द पाळला. आजी गेली तेव्हा त्यांनी तासाभरात माझ्या ऑफिसात फोन केला. ‘वैशू, आजी गेली. आत्ताच. तू बसली आहेस ना?’ मी बसले नव्हते, पण त्यांनी विचारलं याचा मला आधार वाटला. दादाचा अपघात, आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन, सगळं त्याच दिवशी कळलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना घरच्या बातम्या शिळ्या होऊन मिळायच्या. मी मनातल्या मनात मिरवायचे की माझ्या घरी तसं नाही.

गेल्या डिसेंबरात, इराच्या शाळेला सुट्टी लागली, तेव्हा आम्ही ग्वाटेमालाला गेलो. सगळ्यांनी विचारलं, तिकडे कोण जातं? मी म्हटलं, अतित्लान सरोवर बघायला. अफाट जुन्या ज्वालामुखीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी आणि काठावर माया लोकांची गावं. अण्णांना चला म्हटलं होतं, पण गुडघे आणि बीपी दोन्ही आडवे आले. ‘तू जा. मी प्रश्न पाठवतो,’ ते म्हणाले.

पहिल्या सकाळी पानाहाचेल गावच्या धक्क्यावर उभी राहिले. समोर निळं-करडं पाणी, काचेसारखं शांत. पलीकडे तीन ज्वालामुखी, एकाच्या टोकाला ढगाची चिंधी अडकलेली. मी फोटो पाठवले, आणि रंग, आकार, वारा सगळं बोलून पाठवलं. तिकडे रात्र पडत होती. तरी उत्तर आलं : ‘पाणी बाहेर कुठून जातं? नदी दिसते का?’

दुसऱ्या सकाळी आम्ही लांचाने निघालो. लांचा म्हणजे तिथली मोटरबोट. बोट चालवणाऱ्याला मी फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवरून तो प्रश्न विचारला. तो हसला, त्याने हात हलवून नाही म्हटलं आणि बोटाने खाली पाण्याकडे दाखवलं. बाहेर जाणारी नदीच नाही. पाणी जमिनीत मुरतं, पोटातूनच वाट काढतं. मी लगेच अण्णांना कळवलं. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं : ‘म्हणजे लोणारसारखंच की. तिथूनही काही बाहेर जात नाही!!!’ तीन उद्गारचिन्हं. शुद्धलेखनाच्या बाबतीत इतका कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांनी तीन दिली.

त्या संध्याकाळी काठावरच्या कॉफीच्या दुकानात निखिलला फोन आला. तो उठून लांब गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, ‘ऑफिसचा होता.’ चेहरा उतरला होता. मी त्याला केकचा तुकडा दिला आणि म्हटलं, सुट्टीतही पिच्छा सोडत नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून अण्णांचे प्रश्न थांबले. मी सान्तियागो गावचे फोटो पाठवले. तिथल्या लोकांचा एक लाकडी देव दर वर्षी नव्या घरी राहायला जातो. त्या घरातली माणसं त्याच्यासमोर सिगारेट आणि दारू ठेवतात. अण्णांना यावर किमान दहा प्रश्न पडायला हवे होते. उत्तर आलं : अंगठा. बाजारात बायका मक्याच्या भाकऱ्या थापत होत्या, तो थपथप आवाज मी रेकॉर्ड करून पाठवला. तास गेला आणि उत्तर आलं : ‘छान.’

‘निखिल, अण्णा छान कधी लिहीत नाहीत,’ मी म्हटलं.

तो संत्रं सोलत होता. वर न बघता म्हणाला, ‘दमले असतील गं. थंडी आहे तिकडे.’

मला ते पटलं. नवऱ्याने सांगितलं, कारणही बरोबर होतं, डिसेंबरात मेहकरला थंडी असतेच. पुढच्या दिवशीही ‘छान’ आलं, आणि त्यापुढे ‘काळजी घे.’ मी दुप्पट फोटो पाठवायला लागले. वाटलं, म्हातारा माणूस कंटाळलाय, त्याला हसवावं. मी ज्वालामुखीकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलेला एक फोटोही पाठवला.

मग आम्ही सान हुआन नावाच्या गावी गेलो. तिथे बायका कमरेला पट्टा बांधून विणतात. मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे झुकली की सूत ताणतं, पुढे आली की सैल पडतं. मार्ता नावाची माझ्याच वयाची बाई तिच्या अंगणात आम्हाला हे दाखवत होती आणि आमचा गाइड तिचं बोलणं इंग्रजीत सांगत होता. तिने मला त्यांचा पारंपरिक सदरा, विपिल, अंगात घालायला दिला. लालभडक, गळ्याभोवती पक्षी विणलेले. निखिल फोटो काढायला लागला. मी दोन्ही हात पसरून उभी होते.

मार्ताने विचारलं, कुठून आलात? मी सांगितलं, राहते सिंगापूरला, पण आहे भारताची. ती म्हणाली, तिचा मुलगाही उत्तरेला अमेरिकेत गेलाय, रविवारी फोन करतो. मग तिने विचारलं, तुझे आई-वडील आहेत का?

‘दोघंही आहेत,’ मी म्हटलं. ‘वडील मास्तर होते. त्यांच्यासाठीच आलेय मी इथे. रोज प्रश्न विचारतात.’

गाइड तिला ते सांगत होता, तेवढ्यात इरा ओरडली, ‘मम्मा, स्टॉप लाह! प्लीज स्टॉप!’

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ती रडत होती. ‘आबा इज नॉट देअर. आबा डाइड. ऋजुताने मला मेसेज केला. पापा सेड डोन्ट टेल यू.’

ऋजुता म्हणजे दादाची मुलगी.

मी निखिलकडे पाहिलं. त्याने कॅमेरा खाली घेतला. तेवढंच पुरेसं होतं, तरी मी विचारलं, ‘कधी?’

‘वैशाली, आपण हॉटेलवर जाऊन...’

‘कधी?’

‘चार दिवस झाले. झोपेत गेले. त्रास झाला नाही.’

‘आणि छान कोण लिहीत होतं?’

त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. ‘सतीशदादा. आईंनीच सांगितलं होतं की आपण परत सिंगापूरला पोचेपर्यंत तुला सांगायचं नाही. तू इतक्या लांबून काय करणार होतीस? दिवसकार्याला आपण गेलोच असतो.’

मला तो विपिल अंगातून काढायचा होता आणि डोक्यातून निघेना. केस गळ्याच्या विणीत अडकले होते. मार्ताने पुढे येऊन तो सोडवला. सुतकात मी चार दिवस लाल-पिवळं घालून हिंडत होते, केक खात होते, तोंडं वेडावत होते. आणि ज्या माणसाला ते पाठवत होते त्याची राखही सावडून झाली होती. माझ्याशेजारी झोपणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं आणि तो मला ‘जरा डावीकडे सरक, प्रकाश येतोय’ म्हणत होता.

परतताना दुपारचा वारा सुटला. तिथले लोक त्याला शोकोमिल म्हणतात. सकाळचं काचेसारखं पाणी उसळत होतं, बोट प्रत्येक लाटेवर आपटत होती. निखिल हात द्यायला सरकला. मी इराला घेऊन पुढच्या फळीवर जाऊन बसले. तिला म्हटलं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’ ती म्हणाली, ‘आय वॉज सो स्केर्ड, मम्मा. यू वर स्माइलिंग सो मच.’

आम्ही मिळेल त्या विमानाने निघालो. मेहकरला पोचलो तेव्हा दहाव्याची तयारी चालू होती. आई ओसरीत बसली होती, कपाळ मोकळं. मला वाटलं होतं तिच्या गळ्यात पडेन. मी चप्पलही न काढता तिला विचारलं, ‘काऊन असं केलंस?’ सिंगापूरला इतकी वर्षं राहून मेहकरचा ‘काऊन’ जिभेवर तसाच होता.

आईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘आजी गेली तेव्हा त्यांनी तुला लगेच फोन केला. तू धावत आलीस. पोटुशी होतीस. आणि तिकडे परत गेल्यावर काय झालं, विसरलीस?’

मी विसरले नव्हते. इराच्या आधीचं ते. चौथ्या महिन्यात गेलं.

‘त्या फोनमुळे गेलं असं मी त्यांना म्हणाले होते,’ आई म्हणाली. ‘जन्मभर म्हणत आले. आता परत मी तसा फोन करणार होते का?’

‘आई, ते फोनमुळे नव्हतं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. मूल टिकणारच नव्हतं.’

‘मला कुणी सांगितलं नाही,’ ती म्हणाली.

दादा आतून आला. अण्णांचा फोन त्याच्या हातात होता. म्हणाला, ‘फोन बंदच ठेवणार होतो. आई म्हणाली, बंद लागला तर ती घाबरेल. म्हणून मग... जे सुचलं ते लिहिलं.’ मी फोन घेतला. माझे सगळे फोटो त्यात होते. तिसऱ्या दिवसापासून बोलून पाठवलेले निरोप मात्र कुणी ऐकलेच नव्हते. भाकऱ्या थापण्याचा आवाज तसाच न उघडलेला पडला होता.

‘माझी हिंमत नाही झाली तुझा आवाज ऐकायची,’ दादा म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. त्याची मला दया आली आणि रागही तसूभर कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

आईने नंतर सांगितलं की शेवटच्या संध्याकाळी अण्णा फोन घेऊन चौकातल्या निवृत्त मास्तरांच्या कट्ट्यावर गेले होते. प्रत्येकाला सरोवर दाखवून ‘लोणारसारखंच आहे, फक्त हे खरं ज्वालामुखीचं’ असं सांगत होते. जेवले, झोपले, पहाटे उठलेच नाहीत. ही गोष्ट मला हवी होती. त्याच दिवशी हवी होती. कुणी मला त्या काठावर सांगितलं असतं तर मी रडले असते, पण त्याच पाण्यासमोर रडले असते.

सिंगापूरला परतल्यावर आमच्या मराठी मंडळींपैकी बरेच जण भेटायला आले. एक काकू म्हणाल्या, ‘बरं केलं नाही सांगितलं ते. ट्रिपचा विचका झाला असता.’ त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे यजमान जाताना दाराशी म्हणाले, ‘माझ्या आईचं ऑपरेशन मला दोन महिन्यांनी कळलं. मी आजवर कुणाला बोललो नाही.’ तुमच्यापैकी जे असे बाहेर आला आहात त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि जे मागे राहिलात त्यांना एकच सांगते. आम्ही लांब आहोत, लहान नाही. आमच्या वाट्याचं दुःख तुम्ही आपापसात वाटून घेतलंत तर आमच्याकडे काय उरतं? फोटो.

निखिलशी मी कितीतरी आठवडे कामापुरतंच बोलत होते. एका रविवारी इराच्या हट्टापायी आम्ही पुलाउ उबीन या सिंगापूरजवळच्या बेटावर सायकली चालवायला गेलो. तिथे नेणाऱ्या छोट्या बमबोटीत इरा टोकाला जाऊन बसली आणि तो माझ्याशेजारी. मोटरच्या आवाजात तो म्हणाला, ‘एक सांगू? दादांनी, आईंनी सांगितलं म्हणून मी गप्प बसलो हे अर्धंच खरं आहे. तू इतकी खुशीत होतीस. मला वाटलं, अजून चार दिवस हिला वडील असू देत.’

लग्नाच्या इतक्या वर्षांत यापेक्षा मायेचं काही तो बोलला नसेल. मी त्याला म्हटलं, ‘ते चार दिवस मला वडील नव्हते, निखिल. त्यांचं जाणं तुझ्याकडे होतं, माझ्याकडे तेही नव्हतं.’ उबीनचा धक्का आला तेव्हा त्याने हात पुढे केला. मी तो धरून उतरले, कारण बोट हलत होती. माफ केलं असं नाही. अजूनही त्याला उशिरा फोन आला की मी विचारते कुणाचा, आणि तो स्क्रीन माझ्याकडे वळवतो. आम्हाला दोघांनाही त्याची लाज वाटते.

आईला मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करते, ऑफिसखालच्या दुकानांच्या ओळीतल्या एका बाकावर बसून. ती म्हणते, ‘सगळं ठीक आहे.’ मी म्हणते, ‘कॅमेरा फिरव.’ मग ती ओटा दाखवते, पलंग दाखवते, औषधाचा डबा, एकदा तर चिडून स्वतःचे पायही दाखवले. जगातल्या सगळ्या ठिकाणच्या माणसांचं ‘सगळं ठीक आहे’ मी ऐकून सोडून देते. फक्त माझ्या घरचं तपासून घेते.

गेल्या महिन्यात तिने आपणहून सांगितलं, ‘काल न्हाणीत चक्कर आली. भिंत धरली म्हणून वाचले. तुला आधी सांगतेय बघ.’ माझा ऊर इतका भरून आला की पुढचं वाक्य क्षणभर कानात शिरलंच नाही. ती म्हणत होती, ‘सतीशला बोलू नकोस. उगाच काळजी करत बसेल.’

मी तिचा फोन ठेवला आणि दादाला लावला. तो घरीच होता, मधल्या खोलीत. आईच्या खोलीत आणि त्याच्यात एक भिंत. मी सांगितलं. तो म्हणाला, ‘मला नाही सांगितलं तिने.’ तो आवाज मी ओळखला. सान हुआनच्या त्या अंगणात माझा तसाच झाला असणार.

इतकी वर्षं मी समजत होते की घर लांब पडलं म्हणून मला कळत नाही. दादा तर तिथून कधी हललाच नाही.

‘ऐक वैशू,’ तो म्हणाला, ‘मी जातो तिच्याकडे. फोन चालूच ठेवतो. तू ठेवू नकोस.’

समोरून ऑफिसातली माणसं जेवण आटपून परत चालली होती. मी बाकावरून उठले नाही. दादाच्या चपलांचा आवाज आला, मग दार ढकलल्याचा. मग आई म्हणाली, ‘आता काय झालं रे? सगळं ठीक आहे माझं.’

‘नाही, आई,’ दादा म्हणाला. ‘बस. नीट सांग. वैशूही ऐकतेय.’